गॅस संपला म्हणाला? आधी जाड नळीला हात लावून बघा

ताई, तुमची तक्रार वाचली. घर बेळगावच्या वडगावात, दीड टनाचा स्प्लिट एसी, तिसरा उन्हाळा. वारा येतो पण खोली गार होत नाही, आणि अधूनमधून इनडोअरमधून, म्हणजे खोलीतल्या डब्यातून, भिंतीवर पाणी ओघळतं. मेकॅनिकनं पाच मिनिटं बघून "गॅस संपलाय" म्हणत साडेतीन हजार सांगितले. भरून घेऊ का, असं तुम्ही विचारताय.

आज तरी नको.

मी हेच काम २२ वर्षं केलं, आधी उद्यमबागेत आणि मग घरोघरी. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांत गोल फिरतो, एवढंच. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारून घेणं. पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, तेच पैसे.

आणि तुमच्या तक्रारीतलं पाणी मला वेगळंच सांगतंय. कूलिंग कमी आणि टपकणं हे दोन्ही एकदम दिसलं की मी आधी बर्फ शोधतो. कॉइल म्हणजे आतल्या डब्यातली गार होणाऱ्या नळ्यांची जाळी. तिच्यावरून पुरेसा वारा गेला नाही तर कॉइल शून्याखाली जाते, हवेतली ओल तिच्यावर गोठते. बर्फ झाला की वारा आणखी अडतो, मग आणखी बर्फ. एसी बंद केला किंवा कॉम्प्रेसर थांबला की तो सगळा एकदम वितळतो, खालच्या ट्रेला झेपत नाही, आणि पाणी भिंतीवर.

वारा का अडला असेल? तुमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत का हो? वडगाव, खासबाग, शहापूर भागात माझं निम्मं काम याच एका गोष्टीचं असायचं. मागावरच्या सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि फिल्टरवर गोधडीसारखा थर धरतात. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर किती दिवसांनी धुवा ते लिहिलेलं असतं, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं वडगाव कुठं बघितलंय! तिकडं उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी धुवाच. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीजवळ तीच गत, फक्त धूळ तपकिरी आणि शिंका फुकट.

तर आज एवढं करा. एसीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, बंद करा, पुढचं झाकण उचला, दोन्ही फिल्टर काढून साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. बॅटरी मारून मागची कॉइल बघा. बर्फ असेल तर खाली जुना टॉवेल अंथरून नुसता फॅन मोड दोन तास चालू ठेवा. सुरीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पाडून मग खरंच गॅस घालवलेली दोन घरं मला माहीत आहेत. आतल्या लांबट गोल पंख्याच्या पात्यांत काळा मळ भरला असेल तर मात्र तो घरी निघत नाही, सर्व्हिसच करून घ्यावी लागते.

पाण्याचा पाइपही बघा. सबंध लांबीत उतार हवा, मध्ये कुठं झोळ नको. झाडांना घालायला पाणी साठवतात, ते चांगलंच, पण पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलं की आतलं पाणी नीट निघत नाही, मागं तुंबतं. टोक पाण्याच्या वर ठेवा. एरवी पाइपात शेवाळ धरतं. ते बाहेरच्या टोकाकडून ओढून काढायचं असतं. फुंकर मारली तर घाण उलट ट्रेत जाते.

आता आउटडोअर, म्हणजे बाहेरचा डबा. जूनमध्ये त्याला ताडपत्री गुंडाळायची आपल्याकडं फार हौस. पावसानं त्याला काही होत नाही, तो बाहेर राहण्यासाठीच बनवलाय. ताडपत्री न काढता एसी लावला तर मात्र गरम हवा कोंडून कॉम्प्रेसर बंद पडतो. तुमचा गच्चीवर असेल तर मागच्या जाळीवरचा थर बघा, आणि वीज बंद करून साध्या नळीनं हळू धारेनं धुवा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, पत्र्याच्या नाजूक पट्ट्या आडव्या होतात.

सगळं वाळल्यावर एसी लावा: कूल मोड, १८ अंश, पंखा जोरात, दारं-खिडक्या बंद. नुसती हवेतली ओल काढणाऱ्या ड्राय मोडवर एसी ठेवून "गार होत नाही" म्हणणारे रोज भेटायचे, म्हणून मोड मुद्दाम सांगतोय. पंधरा मिनिटांनी एसी जिथून हवा ओढतो तिथलं आणि फेकतो तिथलं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक असला तर यंत्र ठीक आहे.

फरक कमी आला तर आउटडोअरच्या बाजूला जा. दोन नळ्या जोडलेल्या दिसतील, एक पातळ, एक जाड. जाड नळी हाताला चांगली गार लागत असेल आणि तिला घाम आला असेल तर गॅस बहुधा पुरेसा आहे. पातळ नळीच्या जोडावर पांढरं बर्फ आणि जाड नळी कोरडी, कोमट, असं असेल तर मेकॅनिक बरोबर बोलला, गॅस कमी आहे. आणि जाड नळीवरच बर्फ चढलं असेल तर पुन्हा वाऱ्याकडं वळा, अजून कुठंतरी अडलाय.

गॅस खरंच कमी निघाला तर त्याला सांगा, आधी गळती दाखव. नळ्यांच्या जोडांवरच्या पितळी नटांवर साबणाचा फेस लावला तरी बऱ्याचदा बुडबुडे दिसतात. नाही दिसले तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघायचं. मग दुरुस्ती, मग पंप लावून व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढणं, आणि शेवटी काट्यावर वजन करून गॅस, आउटडोअरच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच. व्हॅक्यूमचा पंपच न आणता नुसता सिलिंडर घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा की. तुमच्या एसीत बहुधा आर-३२ नावाचा गॅस असेल. तो थोडाफार पेट घेणारा आहे, त्यामुळं गॅस आत असताना नळीला बर्नर लावू द्यायचा नाही.

बाकीचं पटकन. आउटडोअर हूं हूं करतो, पंखा किंवा कॉम्प्रेसर उचलत नाही, असं असलं तर साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बहुतेक कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला असतो. स्वस्तातला भाग, पण वीज बंद केल्यावरही झटका देतो, स्वतः हात घालू नका. इन्व्हर्टर एसी असेल तर बंद करण्याआधी पडद्यावरचा बिघाडाचा कोड लिहून ठेवा. मुंग्या आणि पाली आत शिरून बोर्ड जाळतात, तेव्हा नळ्या जिथून भिंतीत शिरतात ते भोक बुजवून घ्या. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की एमसीबी पाडा.

तापमान १८ ठेवायचं ते फक्त तपासायला. जानेवारी २०२० पासून नवे स्टार रेटिंगवाले एसी २४ वरच सुरू होतात, आणि बेळगावात रात्री तेवढं पुष्कळ झालं. एकेक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा बीईईचा, म्हणजे स्टार रेटिंग देणाऱ्या सरकारी संस्थेचा, हिशेब आहे.

फिल्टर धुवून झाला की जाड नळी कशी लागते तेवढं कळवा. साडेतीन हजारांचं त्यानंतर ठरवू.