दाढ काढायची आहे, पण सुईच्या विचारानेच घाम फुटतो. पूर्ण भूल घेता येईल का?

घेता येते, परंतु एका दाढेसाठी तिची गरज क्वचितच पडते. आधी हिरडीवर बधिर करणारे जेल लावून मग लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सावकाश दिले, तर टोचणे फारसे जाणवत नाही. मात्र दाढ हलवताना दाब जाणवतोच, आणि पुष्कळजण त्यालाच वेदना समजून घाबरतात, हे आधी सांगितलेले बरे.

भीती त्याहून मोठी असेल, तर नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण देतात. १८४४ साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. या मिश्रणाने माणूस जागा राहतो, बोलतो, पण धास्ती ओसरते, आणि शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर त्याचा अंमल उतरतो. नाक चोंदलेले असल्यास मात्र त्याचा उपयोग होत नाही. हा वायू सुईची जागा घेत नाही, ती सुसह्य करतो.

गुंगीची गोळी किंवा शिरेतून दिले जाणारे मिडाझोलाम हे गुंगीचे औषध यांचा परिणाम अधिक खोल असतो, म्हणून घरी नेणारे कोणी सोबत हवे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. संपूर्ण भूल रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि किमान सहा तास काही न खाता घ्यावी लागते. दमा, घोरणे, गर्भधारणा किंवा चालू औषधे यांपैकी काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.