बायकांनी दारोदार फिरून उभं केलेलं बेक्रेस्ट

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या ज्यू समाजाच्या वृद्धसेवा संस्था शंभर-शंभर वर्षं टिकतात, त्या सुरू कशा झाल्या आणि पहिला मोठा देणगीदार कोण होता. मी टोरांटोत एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं करण्याचीच नोकरी करते. आमची संस्था वेगळी, पण इथे या कामात असलेल्या कुणालाही बेक्रेस्ट या ज्यू वृद्धसेवा संस्थेचं नाव माहीत असतंच, म्हणून तिचंच सांगते. मोठे देणगीदार तिथेही आले, पण बऱ्याच नंतर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेले ज्यू टोरांटोत स्पडायना रस्त्याच्या आसपास दाटीवाटीने राहायचे. कुणी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करी, कुणी फेरीवाला. ज्यांना मूलबाळ नव्हतं किंवा मुलांचंच भागत नव्हतं, अशा म्हाताऱ्यांना इतरांच्या आश्रमात जावं लागे. तिथे जेवण मिळायचं, पण कोशर नाही, आणि यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, बोलायला कुणी नाही. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं जेवण, आणि तिथे नुसतं डुकराचं मांस वर्ज्य, एवढ्यावर भागत नाही. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, जनावर कापण्याची रीत ठरलेली. जन्मभर सोवळं पाळलेल्या आजीला सत्तरीत कुणाच्याही हातचं, कशाही भांड्यातलं वाढावं आणि वर ‘मुकाट्याने जेव’ म्हणावं, तसं ते होतं.

एझरास नोशेम नावाचं बायकांचं मंडळ होतं, एकमेकींच्या अडीअडचणीला उभं राहण्यासाठी काढलेलं. त्यांना हे बघवेना. त्या दारोदार फिरल्या, सुटे पैसे गोळा केले, सेसिल स्ट्रीटवर एक घर घेतलं आणि १९१८ मध्ये ‘ज्यूइश ओल्ड फोक्स होम’ सुरू केलं. तेच पुढे बेक्रेस्ट झालं. स्वयंपाक, धुणं, झाडलोट सुरुवातीला त्याच करत. पुढे शेजारच्या जागा घेऊन घर वाढवलं. संस्थेचा इतिहास सांगताना लोक इमारतींचे फोटो दाखवतात. मला विचाराल तर खरा इतिहास या स्वयंपाकघरात आहे.

मग समाजच उत्तरेकडे, बॅथर्स्ट रस्त्याने वर सरकत गेला आणि १९५४ मध्ये संस्थाही तिकडे गेली. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय इथे झाला: वृद्धाश्रमाला लागूनच रुग्णालय बांधलं. पडून हाड मोडलं की माणूस परक्या वॉर्डात जायचा आणि तिथेच खचायचा, ते टळलं. १९५९ मध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी केंद्र निघालं, कॅनडातल्या अशा पहिल्यावहिल्या केंद्रांपैकी. १९८९ मध्ये मेंदू आणि स्मृतीवर संशोधन करणारी रॉटमन संस्था आली. स्मृतीच्या अभ्यासातलं मोठं नाव, एंडेल टुल्व्हिंग, तिथेच काम करत. रॉटमन हे देणगीदाराचं नाव. म्हणजे बायकांनी जमवलेल्या चिल्लरीनंतर सत्तर वर्षांनी!

या प्रवासातला एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महायुद्धानंतर नाझी छळछावण्यांतून वाचलेले बरेच लोक टोरांटोत आले आणि कालांतराने म्हातारे झाले. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला की अलीकडचं पुसलं जातं आणि जुनं वर येतं. अशा माणसाला आंघोळीसाठी शॉवरखाली न्यायचं म्हटलं तर तो जिवाच्या आकांताने ओरडू शकतो, कारण छावण्यांत विषारी वायूच्या कोठड्यांना शॉवरच म्हणत. जेवणाची रांग, गणवेशातला रखवालदार, मनगटाला बांधायचा पट्टा, कशानेही घाबरतो. कुणी उशीखाली पाव लपवतो. बेक्रेस्टने अशा रुग्णांची काळजी कशी घ्यावी यावर मार्गदर्शन तयार केलं, आणि त्याचा उपयोग इतर छळांतून सुटून आलेल्या निर्वासितांसाठीही होतो. शॉवरऐवजी ओल्या टॉवेलने अंग पुसा, काय करणार आहात ते आधी सांगा, पावाचा तुकडा हिसकावू नका. ऐकायला साध्या गोष्टी, पण ड्युटीच्या घाईत नेमक्या याच राहतात.

पैशाचं म्हणाल तर आज चित्र वेगळं आहे. ओंटॅरिओत दीर्घकालीन देखभालीचा शुश्रूषेचा खर्च सरकार देतं, राहण्या-जेवणाचे पैसे रहिवासी भरतात (ऐपत नसेल तर सवलत मिळते), आणि इमारती-संशोधनासाठी देणग्या. स्वयंपाकघर मात्र कोशरच. शनिवारचा शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा पवित्र दिवस, तोही पाळला जातो. आपल्याकडे कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच सुट्टीमुळे.

तुमच्या मराठी मंडळात वृद्धाश्रमाच्या इमारतीवर चर्चा चालली असेल तर ती तूर्त बाजूला ठेवा. आधी आपल्या भागातल्या होममध्ये कोण कोण मराठी म्हातारे आहेत ते शोधा आणि भेटायला जा. इंग्रजी विसरून फक्त मराठीत बोलणारा एखादा तरी सापडेल. आणि अर्ज भरायची वेळ आलीच, तर ओंटॅरिओत धर्म किंवा भाषेच्या कारणाने विशिष्ट होम मागता येतं, हे केअर कोऑर्डिनेटरला, म्हणजे होमचे अर्ज बघणाऱ्या माणसाला, स्वतःहून विचारा. विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.