नावावर जाऊ नका, तिकडची पुरी तळलेली नसते! मॉरिशसच्या खाण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मॉरिशसला पाच-सहा दिवस जाऊन फक्त हॉटेलचा बुफे खाऊन परत येणारी माणसं बघितली की मला जीव तोडून सांगावंसं वाटतं, अहो गेटच्या बाहेर तरी पडा! त्यावर बरेच मेल आले. काही रागावलेले, बरेचसे भुकेलेले. निवडक प्रश्न घेतेय.

ताई, आम्ही दोघं डिसेंबरमध्ये हनिमूनला चाललोय. ब्रेकफास्ट आणि डिनर पॅकेजमध्येच आहे, म्हणजे बाहेर फक्त दुपारचं जेवण. एवढ्यात काय काय खाऊन होईल? (पुण्याची एक वाचक)

दुपार मोकळी आहे ना, मग झालं की काम, कारण तिकडची खरी मजा दुपारपर्यंतच असते, संध्याकाळी शोधायला गेलात तर डबा धुवून ठेवलेला असतो. पहिल्याच दिवशी डालपुरी खा. इंग्रजीत स्पेलिंग असं करून ठेवलंय की वाचताना ढोल वाजतो, पण आहे आपली डाळच. आणि पुरी म्हणत असले तरी तळलेली नाही हं! पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, कोरडी करून बारीक दळायची, मैद्याच्या गोळ्यात भरायची आणि पातळ लाटून तव्यावर तेल लावून भाजायची. म्हणजे काय झालं? पुरणपोळीच, गूळ सोडून! पहिला घास घेतला तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं ही तर आमच्याच घरातली, लग्न होऊन लांब गेलेली.

विकणारा कसा देतो ते बघण्यासारखं असतं. स्कूटरच्या मागे किंवा फुटपाथवर काचेची पेटी, आत फडक्यात गुंडाळलेल्या गरम पुऱ्यांची चळत. तो कागदावर एकावर एक दोन पुऱ्या टाकतो, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची रस्सा-उसळ, टोमॅटोची रुगाय (चटणीवजा भाजीच ती), कोथिंबिरीची चटणी आणि मिरचीचा ठेचा असं भराभर फासतो, गुंडाळतो आणि तुमच्या हातात देतो, सगळं मिळून दहा सेकंदं. जोडीनेच मिळते, म्हणून क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे एक जोडी. तिखट नको असेल तर 'सां पिमां'. हे दोन शब्द हनिमूनच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतील. उभ्यानेच खायचं, रस्सा मनगटापर्यंत ओघळतो, पांढरा ड्रेस घालून जाऊ नका.

कुठे म्हणाल तर रोझ हिलचं देवा अँड सन्स हे नाव सगळ्यांच्याच तोंडी आहे, आणि राजधानी पोर्ट लुईसच्या सेंट्रल मार्केटच्या आसपासही छान मिळते. पण माझं मत विचाराल तर जिथे ऑफिसच्या माणसांची रांग आहे तिथे उभं राहा, नाव कशाला बघायचं. हॉटेलमधल्या एका कॉफीच्या पैशात दोघांचं पोट भरतं.

डिसेंबरमध्ये जाताय तर लिचीचा सीझन असतो, रस्त्याकडेला घोस टांगलेले दिसले की गाडी थांबवायची. अननस तर बीचवर मिळेलच. छोटा, गोड, व्हिक्टोरिया जातीचा, देठ धरून आईसक्रीमच्या कोनासारखा खायला देतात, वरून मीठ-मिरची आणि चिंच. हॉटेलच्या लाउंजमध्ये हाच अननस काटा-चमच्याने खाल्ला आणि बिल बघून गप्प बसले, ते वेगळं सांगत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, सोबत सासूबाई. अंडंसुद्धा चालत नाही. मॉरिशसला सगळं मासे-मटणच असतं असं शेजारी सांगतात. डब्यात खाकरे भरून नेऊ का? (नाशिकहून एक गृहिणी)

खाकरे न्या, विमानात लागतील. पण घाबरू नका हो. तिथल्या लोकसंख्येत निम्मे हिंदू आहेत. 1834 पासून पुढे साडेचार लाखांच्या वर माणसं हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यात मजुरीला नेली, बिहारकडची सगळ्यात जास्त, मग तमिळ, तेलुगू आणि आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडचीही. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईसच्या मार्केटपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे, 2006 पासून जागतिक वारसा यादीत. सासूबाईंना आधी तो दाखवा आणि मग मार्केटमध्ये जेवायला न्या, म्हणजे ताटात अळू-शेवगा का येतो ते त्यांना आपोआप कळेल.

हो, अळू! पालेभाजीला तिकडे 'ब्रेद' म्हणतात. 'ब्रेद सोंज' म्हणजे अळूची पानं, 'ब्रेद मुरुम' म्हणजे शेवग्याचा पाला. भाताबरोबर डाळ, एक ब्रेद, एक 'साटिनी' (चटणीच ती, फक्त च बोलायचा कंटाळा) आणि 'झासार', हे मिळून तिथलं रोजचं घरगुती जेवण झालं. झासार म्हणजे अचार. कोबी, गाजर, फरसबी उभी चिरून मोहरी-हळद-व्हिनेगरमध्ये घातलेली, मला तर डब्यात रोज हवी. टोमॅटोला काय म्हणतात माहितीये? 'पोम दामूर', प्रेमाचं सफरचंद! फ्रेंचांनी भाजीवाल्यालाही रोमँटिक करून ठेवलंय.

नशीब असेल तर 'सेत कारी' मिळेल, म्हणजे केळीच्या पानावर सात भाज्या. ही मूळ तमिळ लोकांची, देवळातल्या सणाला आणि लग्नात वाढतात, पूर्ण शाकाहारी. कच्च्या केळ्याची भाजी, फणस, भोपळा, डाळ, सोबत रस्सम आणि शेवटी पायसम. हाताने खायचं, चमचा मागितलात तर सासूबाईच ओरडतील.

आता सावध कुठे राहायचं ते सांगते. चायनीज स्टॉलवर भाज्यांच्या नूडल्स मागितल्या तरी सॉस माशाचा असू शकतो. 'बुलेत' म्हणून वाफवलेले गोळे मिळतात, त्यात एक पांढरट हिरवा गोळा चाऊचाऊ नावाच्या फळभाजीचा असतो, बघून वाटतं अगदी निर्धोक आहे, पण आत बऱ्याचदा सुकी कोळंबी असते. भज्यांचं तेलही एकच असतं, त्याच कढईत माशाचा सामोसा तळलेला असणार, हे चालणार नसेल तर तळण टाळाच.

आणि एक गुपित. 'मी व्हेज आहे' म्हटलं की काही ठिकाणी चिकन काढून रस्सा तेवढा देतात. त्यापेक्षा 'मो पे फेर कारेम' म्हणा. म्हणजे 'माझं व्रत चालू आहे'. महाशिवरात्रीच्या आधी तिथले हिंदू मांस-मासे सोडतात त्याला हेच म्हणतात, त्यामुळे दुकानदाराला मांस, मासे, अंडं सगळंच बंद हे एका वाक्यात कळतं, वर जरा आदरानेही वागवतो. कांदा-लसूणसुद्धा नको असेल तर मात्र बाहेर अवघड आहे, तेव्हा फळं आणि तुमचे खाकरे.

गाटो म्हणजे केक ना? तिकडचे केक चांगले असतात का? (सोलापूरहून एक विद्यार्थिनी)

हा हा, बाई गं, मीही असंच समजले होते! पहिल्या ट्रिपला एका टपरीवर चहा घेतला, पाटीवर 'गाटो पिमां' वाचलं, म्हटलं चला गोड काहीतरी खाऊ, चांगला मोठा घास घेतला आणि हिरवी मिरची थेट टाळूला. पिमां म्हणजे मिरची हे तेव्हा माहीत असतं तर हा कॉलम लिहायला निघालेच नसते. फ्रेंचमध्ये केक, पण कढईतून निघतो तो डाळवडा. भिजवलेली डाळ भरड वाटून त्यात पातीचा कांदा, कोथिंबीर, जिरं, मिरची. त्याचा खरा थाट सकाळी, कडक पावाला लोणी लावून मधे चार वडे चिरडून. मुंबईकराला वेगळं सांगायला नको. 'गाटो ब्रेंझेल' म्हणजे वांग्याची भजी, तीही झकास.

गोडच हवं असेल तर 'नापोलितेन' घे, दोन खुसखुशीत बिस्किटांमध्ये जॅम आणि वर गुलाबी साखरेचा थर. एक पुरे. दुसरं खाल्लंस तर दात दुखतील.

आम्ही मालवणचे. शाकाहाराचं कौतुक पुरे, माशाचं बोला! (एक त्रस्त वाचक)

बोलते की! तुम्ही 'विंदाय' खा. मासा तळून घ्यायचा आणि मग मोहरी, हळद, लसूण, कांदा, मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचा. गोव्याच्या विंदालूचा हा चुलतभाऊच म्हणा, दोघांचंही मूळ पोर्तुगीजांच्या वाइन-लसणातल्या मटणात, फक्त गोव्यात तो डुकराच्या मटणाला चिकटला आणि इथे माशाला. थंडच खातात, दुसऱ्या दिवशी जास्त लागतो, पावात घालून तर फारच.

पण खरं सांगू का, मालवणच्या माणसाने तिथे जाऊन मासा खायच्या आधी 'उरित' खावा, म्हणजे ऑक्टोपस. त्याची करी करतात, विंदाय करतात, सॅलडही करतात. नीट शिजला असेल तर मऊ, नाहीतर रबराची चप्पल, मधलं काही नाही, म्हणून जिथे कुटुंब स्वतः रांधतंय अशा छोट्या जागी मागवा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो पकडायला बंदी असते, आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते ना, तसंच. त्या काळात कोणी 'ताजा' म्हणून दिला तर भुवई वर करा.

आणि 'रुगाय प्वासों साले', म्हणजे खारवलेल्या माशाची टोमॅटो-कांदा-थाइममधली चटणीवजा भाजी. भाताबरोबर. वास आला की तुम्हाला आजीचं स्वयंपाकघर आठवेल आणि बायको नाक दाबेल.

मुलगा आठ वर्षांचा, तिखट खात नाही. (डोंबिवली)

'बोल राँव्हेर्से'. वाडग्यात तळाला अंडं, त्यावर चिकन-भाज्या, त्यावर भात दाबून भरतात आणि ताटात उलटं करतात. वाडगा उचलला की वर अंड्याचा सूर्य! मुलगा दोनदा मागेल. पोर्ट लुईसच्या चायनाटाउनमध्ये जा. नंतर सेंट्रल मार्केटमध्ये 'आलुदा' पाजा, थंड दूध, सब्जा आणि अगरची जेली. फालुद्याचीच जात, फक्त शेवया गायब, त्यामुळे ग्लासात चमचा फिरवून शोधत बसू नका.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. उभ्याने खाणं ठीक आहे, पण एक दिवस तरी खुर्चीत बसून, जरा नीट जेवायचं आहे. (कोल्हापूरहून एक काका)

काका, बसा की! मोका गावाजवळ युरेका नावाचं जुनं क्रिओल घर आहे, 1830 च्या सुमाराचं, म्युझियमही आहे आणि चारी बाजूंनी व्हरांडा. तिथे दुपारी घरगुती पद्धतीचं क्रिओल जेवण वाढतात, मागे नदी आणि धबधबे. घाईने जाऊ नका, दुपार तिथेच घालवा. दुसरं, दक्षिणेला बुआ शेरी, 1892 पासूनचा चहाचा मळा, कारखाना बघायचा, तळ्याकाठच्या घरात व्हॅनिलाचा चहा चाखायचा आणि तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायचं. काकूंना हे जास्त आवडेल. तुम्हाला शामारेलची रमची भट्टी आवडेल, ते मला माहितीये, तिथेही रेस्टॉरंट आहे, पण ड्रायव्हर ठेवा.

मेनूवर 'पालमिस्त' दिसलं तर एकदा घ्या. ताडाच्या जातीच्या झाडाच्या शेंड्यातला कोवळा गाभा, त्याचं सॅलड. गाभा काढला की झाड गेलं, आणि ते वाढायला कित्येक वर्षं, म्हणून त्याला लखपतींचं सॅलड म्हणतात. चवीला? कोवळ्या शहाळ्याच्या मलईला जरा कुरकुरीतपणा आला तर तसं काहीतरी. मला स्वतःला डालपुरीच आवडते, पण पंचवीस वर्षं टिकलात म्हणजे तुमचा हक्क आहे.

तिथे मराठी माणसं आहेत म्हणे. मराठी बोलून काम भागेल का, आणि मोदक मिळतील का? (साताऱ्याहून एक आजोबा)

आजोबा, रस्त्यावर सगळे क्रिओलच बोलतात, मराठी घराण्यातली मुलंसुद्धा. पण मोका इथे महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, हो, अख्ख्या देशाला! मूर्ती डोक्यावर घेऊन समुद्राकडे निघालेली मिरवणूक बघाल तर दोन मिनिटं कुठे आहोत ते कळणार नाही. मोदक दुकानात शोधू नका, ते चतुर्थीला घराघरात होतात. त्या दिवसांत गेलात आणि कोणाशी जरा बोललात, सातारा म्हणालात, तर पान वाढल्याशिवाय सोडतील असं मला वाटत नाही.

येताना काय आणू? (सगळ्यांचाच प्रश्न)

व्हॅनिला चहा आणा. माएबूरला सोमवारी मोठा बाजार भरतो, त्याच गावात 1870 पासूनचा मान्योकच्या बिस्किटांचा छोटा कारखाना आहे, वाळलेल्या उसाच्या पाचटावर भाजतात, बघायला देतात आणि गरम चाखवतात. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच हा कंद, उपवासाला चालतील का ते घरच्या मोठ्यांना विचारा, मला मध्ये घेऊ नका. मळीचा वास असलेली काळपट साखरही आणा.

आणि झासार आणणार असाल तर बाटलीला आधी टेप, मग प्लास्टिक, मग आणखी एक प्लास्टिक. मी एकावर भागवलं होतं. विमानतळावर बॅग उघडली तेव्हा मोहरी-हळदीचा वास अख्ख्या पट्ट्याला, आणि माझ्या मोतिया रंगाच्या साडीला पदरापासून निऱ्यांपर्यंत असा पिवळा नकाशा उमटलाय की तीन ड्रायक्लीननंतरही जसाच्या तसा आहे.