जमिनीखालच्या व्हॉल्व्हची पेटी: घरी बांधावी की विकत घ्यावी?

बागेच्या सिंचनासाठी सहा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या तारेने उघडझाप होणाऱ्या पाण्याच्या झडपा) एका ओळीत जमिनीखाली बसवायचे आहेत, ते मावतील अशा तयार पेट्या महाग वाटतात, तेव्हा घरी उरलेल्या फळ्या किंवा विटा वापरून पेटी स्वतःच केली तर पैसे खरोखर वाचतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते विटांची पेटी अवश्य बांधावी, लाकडाची बांधू नये, आणि वाचलेल्या रकमेतील काही भाग झाकणावर व जोडण्यांवर खर्च करावा.

फळ्या घरात पडून आहेत म्हणून त्या फुकट आहेत, असे आपण धरले आहे. परंतु कायम ओलीत राहणारे लाकूड कुजते, त्याला वाळवी लागू शकते, आणि भिंत आत कलली की माती थेट व्हॉल्व्हवर ढासळते. म्हणून पेटीचा खर्च ती टिकेल तितक्या वर्षांनी भागून पाहावा. घरची पेटी तयार पेटीच्या निम्म्या खर्चात झाली, पण तिच्या एक तृतीयांश काळच टिकली, तर दर वर्षाचा खर्च दीडपट पडतो, आणि चालू नळ्यांभोवती पुन्हा खणण्याचे कष्ट त्यात धरलेलेही नाहीत. आपल्या श्रमाचे मोल मात्र मिळकतीचे काम सोडून वेळ द्यावा लागणार असेल तरच हिशेबात घ्यावे.

खरा पैसा जातो तो दुरुस्तीत. व्हॉल्व्हच्या आतील, पाणी अडवणाऱ्या लवचीक पडद्याखाली वाळूचा एखादा कण अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि पाणी झिरपत राहते. तो उघडून साफ करायला हात व पेचकस आत फिरला पाहिजे. जागा अपुरी असेल तर नळी कापावी लागते आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी दिवसभराची मजुरी मोजावी लागते. तयार पेट्या ठरावीक मापांतच मिळतात. विटांची पेटी हव्या त्या मापाची होते, आणि सहा व्हॉल्व्हसाठी मला तिचा हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. व्हॉल्व्ह एक-दोनच असते, तर मी तयार पेटीच सुचवली असती.

बांधताना तळ पक्का करू नये. साधारण १० ते १५ सेंमी खडी पसरली म्हणजे पाणी मुरते आणि व्हॉल्व्ह गाळात बुडत नाहीत. भिंतीचा भार नळ्यांवर येऊ देऊ नये. झाकणात काटकसर नको, कारण त्यावर कोणाचा तरी पाय पडणारच, आणि तिथून वाहन जाणार असेल तर त्या भारासाठीच बनवलेली पेटी घ्यावी, मग ती कितीही महाग वाटो. तारांचे जोड जलरोधक असावेत. साध्या चिकटपट्टीने गुंडाळलेला जोड ओलीत गंजतो आणि व्हॉल्व्ह चांगला असूनही चालेनासा होतो.

खर्चाचा क्रमही ठरवून ठेवावा. आधी प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटे करता येणारे जोड, घ्यावेत, म्हणजे पुढे नळी न कापता तो काढता येईल. मग पूर्ण दाबाने पाणी सोडून गळती तपासावी, आणि त्यानंतरच माप घेऊन भिंती उचलाव्यात. पुढेमागे सातवा व्हॉल्व्ह लागण्याची शक्यता असेल, तर त्याची जागा आताच सोडावी. काही जास्तीच्या विटांचा खर्च नंतर भिंत फोडण्यापेक्षा फारच कमी आहे.