मुलींच्या शाळेत सायन्स कच्चं राहतं का? आधी मोडतोड विचारा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: लेक सातवी झाली. घराजवळ मुलींची अनुदानित शाळा आहे, आठवीपासून सेमी. क्लासचे सर म्हणतात, "मुलींच्या शाळेत सायन्स कच्चं राहतं, पुढे डॉक्टर-इंजिनीअर करायचं तर मुलामुलींच्या शाळेत घाला." आणि सासरेबुवांना मुलींचीच शाळा हवी आहे, पण त्यांचं कारण सायन्सचं नाही.

मी स्वतः मुलींच्या शाळेत शिकले आणि नंतर सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी मुलींच्याच शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. माझं पारडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

सर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडे शिवणयंत्रं सोळा आणि सूक्ष्मदर्शक एक, तोही कपाटात. किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समध्ये. मुली संसाराला लागणार, त्यांना भिंगं कशाला, हा हिशोब कुणी तोंडाने बोलत नसे, पण खरेदीच्या यादीत तो दिसायचा. हा हिशोब जुना आहे. पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ साली सुरू झाली तेव्हा मुलींना इंग्रजी, गणित आणि शास्त्र शिकवावं की स्वयंपाक, शिवण आणि धर्म, यावरून वर्तमानपत्रांत चांगली जुंपली होती. कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात बी. एस्सी.ला पहिल्या आल्या, तरी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नोबेलवाल्या सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकारच दिला आणि मग अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत, हे सरकारच्या कानावर घालायला स्वातंत्र्यानंतरही शिक्षणतज्ज्ञ हंसा मेहतांची समिती बसवावी लागली. आज पुस्तक सगळ्यांना एकच आहे. फरक उरला आहे तो कपाटाच्या किल्लीत.

आता माझा अनुभव. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला आमचा चौघांचा गट होता, तीन मुलगे आणि मी. काही न बोलताच कामं वाटली गेली. त्यांनी वायरी उचलल्या आणि माझ्या हातात वही दिली. "तुझं अक्षर चांगलं आहे." त्यातल्या एकाने अ‍ॅमीटर, म्हणजे विद्युतधारा मोजायचा मीटर, रोधाला समांतर जोडला. काटा खाडकन शेवटाला जाऊन आपटला. मला हसू आलं, कारण हीच चूक मी नववीत करून बसले होते. धाराविद्युतचा प्रयोग होता. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, अडवलं नाही. काटा आपटल्यावर फक्त म्हणाल्या, "आता सांग, का?" अ‍ॅमीटरचा रोध अगदी कमी, म्हणून तो एकसर जोडायचा, आणि व्होल्टमीटरचा भरपूर, म्हणून तो समांतर. हे मी पाठ केलेलं नाही, तो आवाज ऐकल्यावर ते डोक्यात बसलं. ज्या वर्गात मुलगेच नाहीत तिथे वायर कुणीतरी मुलगीच जोडणार, दुसरं कोण? मुलींच्या शाळेचा फायदा मला विचाराल तर एवढाच आहे, आणि तो लहान नाही. मात्र वायर जोडली जात असेल तरच. बाई टेबलावर प्रयोग करून दाखवतात आणि साठ मुली फळ्यावरून निरीक्षणतक्ता उतरवतात, अशी शाळा मुलींची असो की मिश्र, सारखीच.

दुसरा फायदा दहावीच्या विज्ञान भाग २ मधला. 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा प्रजननाचा पाठ कितीतरी शाळांत "घरी वाचून या" म्हणून उरकतात. वर्गात मुलगे असले की मुली मान वर करत नाहीत, आणि पुष्कळदा सरही करत नाहीत. आमच्याकडे हा पाठ मी आठ-दहा तासिका घ्यायची. खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून ठेवलेली, त्यात चिठ्ठ्या पडायच्या. एका वर्षी चिठ्ठी आली: "पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का?"

मी उत्तर दिलं नाही. तीन बरण्या आणायला लावल्या. एकाच दिवशी, एकाच लिंबांचं, एकाच मुलीच्या आईने घातलेलं लोणचं तिन्हींत सारखं भरलं. पहिलीत रोज कोरडा चमचा घालायचा, दुसरीतही कोरडाच, पण पाळी चालू असलेल्या मुलीने, आणि तिसरीत ओला. दुसऱ्या बरणीसाठी मुलींनी आपापसात पाळ्या लावल्या (हा शब्दही तेव्हा वर्गात मोकळेपणाने हसण्याचा झाला). बुरशी धरली ती तिसरीत. मग 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची' हा पाठ मला फारसा शिकवावाच लागला नाही: पाणी, बुरशी, मीठ, आम्ल सगळं बरणीत समोर होतं. पण त्या तुकडीचा मला अभिमान वाटतो तो वेगळ्याच कारणाने. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, एकाच बरणीवरून कसं ठरवायचं? तीन-तीन घ्यायला हव्या होत्या." तिच्या घरी तिला अजून चार दिवस बाजूला बसवत होते. पुढच्या वर्षी आम्ही नऊ बरण्या ठेवल्या.

आता कच्च्या बाजू, कारण त्या आहेत. विज्ञान-गणिताची जागा रिकामी पडली की तासिका तत्त्वावर कुणी मिळेपर्यंत महिने जातात, आणि तेवढे दिवस भूमितीवाल्या बाईच प्रकाशाचं अपवर्तन उरकतात. मुलगी उशिरा घरी पोचायला नको म्हणून शाळा सुटल्यावरचे जादा तास पालकच बंद पाडतात. विज्ञान प्रदर्शनाला 'टाकाऊतून टिकाऊ' फार, मोटार-पंखा-सर्किट कमी. या बाबतीत पालकसभेत एकट्या आईनेही आवाज काढला तर फरक पडतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे.

अकरावीतला धक्काही खरा आहे. पहिल्यांदा मुलगे असलेल्या वर्गात बसलेल्या माझ्या हुशार मुली तीन-चार महिने गप्प होऊन जातात. मुलगे अर्धवट उत्तरही ठणकावून देतात, आणि या पूर्ण उत्तर येत असून हात वर करत नाहीत. यावर उपाय अकरावीत नाही, नववीत करायचा. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते. लेखीतून पुढे गेलं की प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत. निकाल काहीही लागो, अनोळखी परीक्षकासमोर उभं राहून स्वतःचं म्हणणं मांडायची सवय तिथे लागते. इन्स्पायर मानक या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत कल्पना शाळेनेच नोंदवायची असते. निवड झाली तर प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये मिळतात. तुमच्या शाळेने गेल्या वर्षी कुणाची नावं पाठवली, ते सरळ विचारा. उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते तेही ऐका.

सेमीचं फार मनावर घेऊ नका. दहावीपर्यंत तिने 'अपवर्तन' आणि 'रिफ्रॅक्शन' दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहावं, आणि समजून घेताना घरी मराठीतच बोलावं.

निकालाच्या फलकावरून शाळा पारखू नका. विज्ञानाला दोन लेखी पेपर चाळीस-चाळीसचे आणि प्रात्यक्षिकाचे वीस गुण शाळेच्या हातात. ते वीस बहुतेक शाळांत प्रसादासारखे वाटले जातात. त्याऐवजी प्रयोगशाळा बघायला मागा, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी, न कळवता. टेबलावर आम्लाचे डाग आहेत का, बर्नरची जाळी काळी पडली आहे का, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड यंदाची आहे की कुणाच्या तरी आजीच्या वेळची, ते बघा. नळाला पाणी येतं का, हेही. नंतर प्रयोगशाळा सहायकांना विचारा, "गेल्या वर्षी किती परीक्षानळ्या फुटल्या?" "एकही नाही, आम्ही फार जपतो," असं उत्तर आलं तर शाळा स्वच्छ आहे, शिस्तीची आहे, पण सायन्ससाठी तुमच्या सरांचं ऐका. सहायक कपाळाला हात लावून मोडतोडीचं रजिस्टर काढायला लागले, तर त्याच दिवशी अर्ज भरा. सासरेबुवांना कारण सांगायची गरज नाही.

आणि जाताना लेकीला बरोबर न्या. तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघू देतात का, की "हात लावू नको गं" म्हणतात, ते तिलाच कळेल.