'सिंगल-सोर्स प्रिकर्सर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अर्धवाहकांचे अब्जांश स्फटिक (नॅनोक्रिस्टल, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिक) कसे बनवतात यावर मराठीत लेख लिहायचा आहे. 'सिंगल-सोर्स मॉलिक्युलर प्रिकर्सर'साठी 'एकल स्रोत आण्विक पूर्वगामी' चालेल का?

माझ्या मते नाही. पण का नाही, हे सांगण्याआधी ती वस्तू काय आहे ते बघू. प्रिकर्सर म्हणजे ज्या द्रव्यापासून हवा तो पदार्थ बनतो ते आधीचं द्रव्य.

१९९३ साली मरे, नॉरिस आणि बावेंडी या रसायनशास्त्रज्ञांनी कॅडमियम सेलेनाइडचे जवळजवळ एकाच मापाचे स्फटिक बनवले. (याच कामासाठी बावेंडींना २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.) त्यांच्या रीतीत कॅडमियम एका द्रव्यातून येत होतं, सेलेनियम दुसऱ्यातून, आणि दोन्ही सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापलेल्या द्रवात एकदम सोडली जात. त्यातलं कॅडमियम पुरवणारं द्रव्य, डायमिथाइल कॅडमियम, फार विषारी आणि हाताळायला धोक्याचं. १९९६ मध्ये त्रिंदाद आणि ओब्रायन यांनी वेगळी वाट धरली: कॅडमियम आणि सेलेनियम एकाच रेणूत आधीच बांधलेली असतील, तर तो एकच रेणू तापवून फोडायचा. कॅडमियम सल्फाइडसाठी (कॅडमियम आणि गंधकाच्या संयुगासाठी) कॅडमियमची डायथायोकार्बामेटं, म्हणजे गंधक असलेली सेंद्रिय संयुगं, अशीच वापरतात. कॅडमियमभोवती गंधकाचे अणू आधीपासून जोडलेले असतात. पांढुरकी पूड गरम द्रवात गेली की रेणू तुटतो, द्रव पिवळा होत जातो आणि हा पिवळा रंगच सांगतो की स्फटिक तयार होऊ लागले.

आता शब्द. सगळ्यात आधी 'आण्विक' काढा. हिंदीत मॉलिक्यूलला 'अणु' आणि अ‍ॅटमला 'परमाणु' म्हणतात. मराठीत मॉलिक्यूल म्हणजे रेणू आणि अ‍ॅटम म्हणजे अणू. हिंदीतला 'आण्विक' जसाच्या तसा उचलला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी उभी राहते. इथे हवा तो 'रेणवीय'.

'एकल' हा एकटेपणाचा शब्द आहे: एकल पालक, एकल गायन. आपल्याला एकटेपणा सांगायचा नाही, संख्या सांगायची आहे, आणि त्यासाठी मराठीची स्वतःची ठेवण तयार आहे: एकमजली घर, एकहाती विजय, एकतारी पाक. त्याच चालीवर 'एकस्रोती' अगदी सहज होतो. 'स्रोत' मात्र नीट लिहा. 'स्त्रोत' चूक. शब्द 'स्रु' म्हणजे वाहणे या धातूपासून आला आहे, त्यात 'त' पुढे आहे, 'स'ला चिकटून नाही. 'स्तोत्र'शी गोंधळ होऊन हा जास्तीचा 'त' शिरत असावा.

राहिला 'पूर्वगामी', आणि खरी गंमत इथेच आहे. लॅटिन मुळाशी तो इमानी आहे, कारण प्रिकर्सर म्हणजे पुढे धावणारा. पण मराठीत पूर्वगामी आणि अनुगामी ही दोन वेगळी माणसं असतात: एक पुढे जातो, दुसरा मागून येतो. आपला रेणू पुढे कुठेही जात नाही, तोच मोडून स्फटिक होतो. हे नातं मराठीत 'पूर्वाश्रमीचा' या शब्दात किती नेमकं आहे! पूर्वाश्रमीचा आणि आत्ताचा माणूस एकच, फक्त अवस्था बदललेली. परिभाषेसाठी तो लांब पडेल, पण लेखात एकदा तरी वापरा, वाचकाला पटकन कळेल. 'पूर्वरूप' मोहक वाटतो, पण आयुर्वेदात तो रोगाच्या आधी दिसणाऱ्या लक्षणांसाठी आणि व्याकरणात संधीसाठी आधीच राखलेला आहे. 'कच्चा माल' तर मुळीच नको. कच्चा माल त्याच्याही मागे असतो: कॅडमियमचं क्षार, कार्बन डायसल्फाइड, अमाइन. त्यांच्यापासून हा रेणू मेहनतीने घडवावा लागतो. म्हणून मी 'पूर्वद्रव्य' घेते.

समजावून सांगताना मी भाजणीचा दाखला देते. थालिपिठासाठी धान्यं, डाळी, धणे वेगवेगळे मोजत बसायचं नाही. सगळं आधीच भाजून दळून ठेवलेलं असतं, पाणी घातलं की काम सुरू. पण दाखला इथपर्यंतच. भाजणी हे मिश्रण आहे, आणि पूर्वद्रव्यात अणू एकमेकांना बंधाने जोडलेले असतात. शिवाय भाजणीतलं सगळं थालिपिठात उतरतं, पण डायथायोकार्बामेटात एका कॅडमियममागे गंधकाचे चार अणू असतात आणि स्फटिकाला लागतो एकच. उरलेलं सेंद्रिय भागासोबत बाहेर पडतं. लेखात हे सांगायला विसरू नका.

तुमचं वाक्य असं होईल: 'कॅडमियम सल्फाइडचे अब्जांश स्फटिक एकस्रोती रेणवीय पूर्वद्रव्यापासून तयार केले.' पहिल्यांदा शेजारी 'सिंगल-सोर्स प्रिकर्सर' देवनागरीत लिहा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वाचकालाही ओळख पटेल. पुढे नुसतं 'पूर्वद्रव्य' पुरे.