आमवाताच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणून सासूबाईंनी औषध सोडलं, काय करावं?

ताई, तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं: सासूबाई पंचावन्नच्या, रुमेटॉइड म्हणजे आमवात सहा वर्षांपासून, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू होतं. शेजारणीनं "अवं बाई, हे त कॅन्सरची गोळी हाय" म्हटलं आणि दिवाळीपासून गोळी बंद. आता बोटं पुन्हा सुजलीत आणि त्या म्हणतात, सूज परवडली पण कॅन्सर नको.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. ही चिठ्ठी आणि ही भीती, दोन्ही माझ्या काउंटरवर रोजच्या आहेत.

शेजारणीचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. मेथोट्रेक्सेट मूळचं कॅन्सरवरचंच औषध. पण तिथे डोस फार मोठे असतात. वाताला आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्याशा डोसात ते खवळलेली प्रतिकारशक्ती शांत करतं.

आता खरी गोम. आमवात असलेल्यांना लिम्फोमाचा, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, हे खरंच आहे. लिम्फोमा मुळात विरळ, म्हणून दुप्पट होऊनही आकडा लहानच राहतो. पण हा धोका येतो कुठून? स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ साली आमवात आणि लिम्फोमा दोन्ही झालेल्या ३७८ रुग्णांची कागदपत्रं नुसता आमवात असलेल्या तेवढ्याच रुग्णांशी ताडून पाहिली. ज्यांचा वात वर्षानुवर्षं भडकलेला राहिला, त्यांनाच धोका कितीतरी पटींनी जास्त निघाला. मेथोट्रेक्सेटमुळे तो वाढल्याचं दिसलं नाही. सूज धुमसत असते तेव्हा पांढऱ्या पेशी सारख्या नव्या तयार होत राहतात, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की एखादी बिघडायला वाव मिळतो. म्हणजे सासूबाई ज्या सुजेला 'परवडली' म्हणतात, भ्यायचं तर तिलाच भ्यावं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या एखाद्याला क्वचित लिम्फोमासारख्या गाठी येतात, त्यातल्या काही औषध थांबवताच विरतातही. पण ते डॉक्टरनं बघायचं.

मग सगळ्याच गोळ्या निर्धोक का? नाही. टोफासिटिनिब नावाची आमवाताचीच गोळी आता स्वस्त झाल्यामुळे गावोगावी लिहिली जाते. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवर तिचा मोठा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. साधारण चार वर्षांत ती घेणाऱ्यांपैकी ४.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, आमवाताची दुसऱ्या प्रकारची इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी २.९ टक्के. म्हणून वय झालेल्या, त्यातून विडी ओढणाऱ्या माणसाला ती सुरू करायच्या आधी डॉक्टरला दोनदा विचारावं. सायक्लोफॉस्फमाइडनं मूत्राशयाचा धोका वाढतो, पण ते ल्युपससारख्या (प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते अशा) आजारात जीव वाचवायला देतात, तिथे हिशोबच वेगळा.

आणि आपल्याकडचं खरं दुखणं तर पानठेल्यावर आहे. विडीनं आमवात होण्याची शक्यता वाढते, झालेला जास्त चिवट होतो, वर फुफ्फुसाचा कॅन्सर. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, घोटून गालात धरला की तोंडाचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बायका दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासतात, त्याला कोणी व्यसनही म्हणत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, मेथोट्रेक्सेटची पट्टी उलटीपालटी करून "याचा साइड इफेक्ट काय?" विचारतात, आणि तोंडात खर्रा असल्यामुळे त्यांचा प्रश्न मला दोनदा ऐकावा लागतो! सासूबाई तंबाखू खात असतील तर आधी ती सोडवा.

गोळी मात्र मनानं पुन्हा सुरू करू नका. एवढ्या महिन्यांचा खंड पडलाय, तेव्हा रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिनची (किडनीची) तपासणी करून डॉक्टरला दाखवा. सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल जवळ पडत असेल तर तिथे. पुन्हा लिहून दिली तर आठवड्याचा एकच वार ठरवा. मी पट्टीवर पेनानं मोठ्या अक्षरात 'फक्त सोमवार' लिहून देतो, कारण चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी पडतात, जिवावर बेततं. फोलिक ॲसिडची पिवळी गोळी वेगळ्या दिवशी. आणि बाजारात मिळणारी वाताची पुडी नकोच. दोन दिवसांत सूज गायब करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं.

लक्ष कशावर ठेवायचं? मान, काख, जांघेत न दुखणारी, वाढत जाणारी गाठ. कारण नसताना वजन उतरणं. रात्री अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम. टीबीचीही लक्षणं अशीच असतात आणि या औषधांवर तो डोकं वर काढू शकतो, म्हणून असं काही दिसलं की सोयाबीन निघायची वाट बघत बसू नका. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारा फोड असेल तरी तेच.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी दवाखान्यात फुकट होते. गावच्या आशाताईंना दिवस विचारून घ्या. जाताना शेजारणीलाही न्या, तिचंही वय झालंच असेल की.